रिकामे पडलेले सोळा सेल

मॅडमनी आकडा तीनदा तपासला. शंकाच नको! लिथियमचा सेल पूर्ण रिकामा करून काही दिवस तसाच पडू दिला, की पुढे तो जास्त टिकत होता. वापरता वापरता लिथियमचे कण सेलमधल्या धातूच्या पत्र्यापासून तुटतात, त्यांच्यावर थर चढतो, ते कामातून जातात. विश्रांतीत तो थर विरघळतो आणि पुढच्या चार्जिंगला कण परत जोडले जातात. सगळी लॅब खूश होती. मॅडम मात्र खूश नव्हत्या, कारण हे त्यांना अकरा वर्षांपूर्वीच कुणीतरी सांगितलं होतं.

सांगणारे होते लॅबमधले तंत्रज्ञ, अण्णा. सेल रिकामा झाला रे झाला की चार्जिंगला लावायचा, हा मॅडमचा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. मोडला तो एकदाच. मुलगी बाळंतपणात अडल्याचा निरोप आला आणि अण्णा हातातलं काम टाकून धावले. सोळा सेल चार दिवस रिकामे पडले. परत आल्यावर अण्णांनी ते महिनाभर तपासले आणि वही घेऊन हजर झाले.

"मॅडम, हे सोळा बाकीच्यांपेक्षा जास्त टिकतायत."

"पडून राहून सुधारले? मग तुम्हीही पडूनच राहा की!"

सगळ्यांदेखत हशा पिकला. पानावर लाल शाईने 'हलगर्जीपणा' असं लिहून मॅडमनी वही मिटली आणि अण्णांची रवानगी सामानाच्या खोलीत केली. एवढी शिकलेली बाई, पण तो प्रयोग एकदा पुन्हा करून बघायला काय धाड भरली होती? पण नाही, राग कायम नाकावर!

आता तीच वही पिशवीत घालून त्या अण्णांच्या घराचा जिना चढत होत्या. अण्णा तोंडावर दार लावतील, हीच धास्ती होती. पण अण्णा म्हणाले, "अरे वा, मॅडम! या, या."

मॅडमनी उभ्या उभ्याच पान उघडलं. "अण्णा, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. आता लेखावर पहिलं नाव तुमचं येईल."

अण्णांनी लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. "नावाचं राहू द्या हो. एवढं माझ्या लेकीला सांगाल? तिला वाटतं, तिच्यासाठी धावलो म्हणून माझं काम गेलं."

लगेच फोन लावून त्यांनी तो मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी अडखळत सगळं सांगितलं, स्वतःचा तो टोमणासुद्धा.

"माझं दुसरं बाळ गेलं ना," मुलगी पलीकडून म्हणाली, "तेव्हा मी बाबांना बोलावलंच नाही. म्हटलं, माझ्यापायी पुन्हा त्यांच्या कामावर गदा नको. एकटीच होते मी."

अण्णा शेजारी उभे राहून हसऱ्या चेहऱ्याने विचारत होते, "काय म्हणते? बरं वाटलं ना तिला?"