आईच्या डोक्याचं मॉडेल

आमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकात एक डोकं आहे, ते माझ्या आईचं. तरुणांची डोकी आम्हाला हवी तेवढी मिळत. म्हाताऱ्या माणसाचं मात्र मिळेना, कारण एमआरआयच्या त्या नळकांड्यात तासभर न हलता पडून राहायला कुणी तयार नव्हतं. शेवटी आई तयार झाली. "जन्मात पहिल्यांदा तासभर गप्प बसले," असं बाहेर येऊन म्हणाली आणि पुढे दिवसभर त्याची भरपाई करत राहिली.

त्या डोक्याची कवटी, मेंदू, शिरा असं सगळं लाखो बारीक तुकड्यांत मांडून आम्ही ते संगणकातच आपटतो. कुठल्या फरशीवर, कुठल्या बाजूने पडलं तर आतला मेंदू कुठे किती ताणला जाईल, ते पडद्यावर रंगांत दिसतं. निळं म्हणजे ठीक, लाल म्हणजे इजा. वयाबरोबर मेंदू आक्रसतो आणि कवटीत जागा होते. डबा अर्धा भरलेला असला की खुळखुळतोच. म्हणून म्हाताऱ्यांना साधं पडणंही महागात जातं.

मी घरी आले की आई विचारायची, "काय गं, आज कितीदा आपटलंस मला?"

"बाराशे वेळा."

"आणि तरी स्वयंपाक मीच करायचा!"

मागच्या महिन्यात एका परिषदेत मी तिचंच डोकं दाखवलं. ओल्या बाथरूममध्ये पाय घसरतो, माणूस पाठीवर पडतो. मार बसतो मागे, पण लाल डाग उमटतो पुढे, डाव्या कपाळाच्या आत, बोलण्याच्या जागेला लागून. शेवटी मी म्हणाले, बाथरूममध्ये धरायला एक दांडी बसवा, बाकी काही नको. टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या.

आमची दांडी तेव्हा कपाटावर खोक्यात पडून होती. मीच आणलेली. शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन मागायचं तेवढं राहिलं होतं. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण," आई टोमणा मारायची. मी म्हणायचे, रविवारी नक्की. रविवार येत होते आणि मी ते परिषदेची चित्रं नटवण्यात घालवत होते.

परवा सकाळी मी कामावर निघताना बाथरूममधून धप्पकन आवाज आला. बाकीचं काय सांगू? हा आवाज सोडला तर सगळं मी बाराशे वेळा पाहिलेलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी आईचा स्कॅन पडद्यावर लावला. त्यांचं बोट पोचायच्या आधी माझी नजर तिथे पोचली होती. पुढे, डावीकडे, कपाळाच्या आत. बरोब्बर तिथेच! डॉक्टरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला कळलं की मी हसतेय. क्षणभरच, पण हसले. आई पलीकडच्या खोलीत बेशुद्ध पडलेली, आणि लेकीला आनंद कसला, तर उत्तर जुळल्याचा. मला माझी शिसारी आली.

"रक्तस्राव थांबलाय, ऑपरेशन बहुधा लागणार नाही," डॉक्टर म्हणाले. "शुद्धीवर येतील. पण बोलतील की नाही, ते तेव्हाच कळेल."

आई आणि बोलणार नाही! तिच्या बडबडीला मी आयुष्यभर वैतागले होते.

काल दुपारी तिचे कपडे आणायला घरी गेले. शेजाऱ्यांकडे ड्रिल मागितलं, त्यांनी लगेच दिलं. दांडी बसवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. लोंबकळून पाहिलं, जराही हलली नाही. बैल गेला आणि झोपा केला. हे आईच म्हणाली असती. मी तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले.

परत गेले तर संध्याकाळी तिने डोळे उघडले. सिस्टरने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, या कोण?"

आई माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले, आवाज फुटेना. शिव्या दे, पण बोल, असं मी मनात घोकत होते.

"लेक," ती म्हणाली. मग थांबून, "आपटणारी."

सिस्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी आईचा हात घट्ट धरला. "आई, दांडी बसवली गं. माझं चुकलं. मला माहीत होतं, तरी मी..."

तिने हात सोडवून घेतला आणि हळूच माझ्या तोंडावर ठेवला. एकेक शब्द शोधून काढत तिने विचारलं, "संगणकात... झालं... तसंच?"

"हो. अगदी तिथेच."

तिचा अर्धा चेहरा हसला. सिस्टरकडे वळून तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं, "माझ्या लेकीला... आधीच... ठाऊक होतं."