शाकाहारी घरातले नऊ डबे

विजयसिंहांनी जेवता जेवता जाहीर केलं, की आजपासून घरात मटण बंद. दर रविवारचे साडेसातशे बरणीत टाकायचे, म्हणजे पाच महिन्यांत पूर्णिमाची पिठाची चक्की घरात. पूर्णिमानं नवऱ्याकडं नीट पाहून घेतलं. सोळा वर्षं ती दळणाचा डबा काखेत मारून गिरणीला चकरा घालत होती. आपली चक्की आली की गल्लीतली चार दळणं घेता येतील, हे तिचं जुनं स्वप्न. तिला मनापासून आनंद झाला, पण विजयसिंहांना रस्सा सुटेल यावर काही तिचा विश्वास बसेना.

पहिला रविवार दोडक्यावर गेला, दुसरा वांग्यावर. विजयसिंह तालमीच्या कट्ट्यावर बसून शाकाहारावर व्याख्यानं देऊ लागले. कोथिंबिरीची जुडी दोन रुपयांनी पाडून आणली, की गड जिंकल्याच्या थाटात घरात शिरायचे. पण कोल्हापुरात माणूस मटण सोडतो ते दोनच कारणांनी, डॉक्टरनं दम दिला म्हणून नाहीतर खिशानं. मटणाच्या रांगेत विजयसिंह दिसेनात, तशी गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं हार्टचं आहे, कुणी म्हणालं पतसंस्थेतली नोकरी गेली.

तिसऱ्या रविवारी शेजारच्या शालूबाई पदराआडून स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत तांबडा रस्सा आणि चार फोडी. "गुमान खावा. म्या कुणाला सांगत न्हाय," म्हणाल्या आणि डोळे पुसत गेल्या. पूर्णिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विजयसिंहांनी मात्र डबा चाटूनपुसून साफ केला. पदरचा पैसा गेला नाही, म्हणजे बचत मोडली नाही, असं त्यांचं म्हणणं.

शालूबाईंनी कुणाला सांगितलं नाही, म्हणूनच पुढच्या रविवारपासून इतर घरांतूनही डबे येऊ लागले. आषाढ लागेपर्यंत ओट्याखाली नऊ डबे साठले. आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही ही रीत, आणि मटणाच्या डब्यात चिवडा घालून पाठवणार कसा? पूर्णिमानं तीनदा विषय काढला. विजयसिंह दर वेळी बघू म्हणाले. पडत्या घराकडं डबा मागणं बरं दिसत नाही, म्हणून लोकही गप्प होते.

बरणीत पंधरा हजार जमले आणि विजयसिंहांची नजर फिरली. चक्कीचं दिवाळीला बघू, आधी बुलेटचा सायलेन्सर बदलून घेतो, असं ते म्हणाले. पूर्णिमानं बरणी पुसून परत फडताळात ठेवली.

आखाडाचा शेवटचा रविवार जवळ आला. घरोघरी पावणे येणार, भांडी कमी पडणार. शनिवारी सकाळी शालूबाई दारात आल्या आणि ओशाळून म्हणाल्या, की डबा तेवढा मिळाला तर बरं होईल, रिकामा दिला तरी चालेल. दुपारपर्यंत आणखी तिघी तेच बोलून गेल्या. 'रिकामा' हा शब्द विजयसिंहांना फार लागला. आख्ख्या गल्लीत घराण्याची अब्रू जाणार म्हणून ते मटणाला पैसे काढायला तावातावानं फडताळाकडं गेले. बरणीत फक्त एक पावती होती.

"पैसं कुठं हाईत?"

"चक्कीचं भरून आले काल. सोमवारी यायची हाय."

"आन् ह्ये डबं कशानं भरायचं?"

"त्ये ज्यानं रिकामं केलं, त्यानं बघायचं की."

रविवारी विजयसिंह स्वतःच्या पगारातले पैसे घेऊन रांगेत उभे राहिले. त्यांना पाहून लोकांचा जीव भांड्यात पडला, दोघांनी तर पाठीवर थाप मारून पुढं जागा दिली. त्यांनी चार किलो घेतलं. पूर्णिमानं हात राखून काहीच केलं नाही; रस्सा असा झाला, की वास तालमीपर्यंत गेला. विजयसिंह अंघोळ उरकून पाटावर येऊन बसले.

पूर्णिमानं आठ डबे काठोकाठ भरले, पातेल्याच्या तळाशी उरलेलं शालूबाईंच्या नवव्या डब्यात निपटून घातलं आणि झाकण दाबून बसवलं. मग तिनं नवऱ्याच्या ताटात दोन भाकरी आणि दोडक्याची भाजी वाढली.