चौथं रीळ

जुन्या चित्रपटांचा आठवडा करायचं थेटरच्या मालकाच्या मनात आलं आणि मशीनवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली.

सगळे त्याला मशीनवालाच म्हणत. तीस वर्षं तो त्या उकाड्याच्या खोलीत उभा राहून लोकांना पडद्यावर हसवत, रडवत आला होता. सोमवारी सकाळी पेटी उघडून तो रिळं तपासायला बसला. चित्रपट हलकाफुलका होता. एक साधाभोळा दिसणारा नवरा बायकोला थापा मारतो आणि दुसरीकडे जातो. पांगळ्या मामाची सेवा करायला जातो म्हणून सांगतो. भाबडी बायको मामासाठी डबा करून देते आणि तो डबा नवरा नि त्याची मैत्रीण मिळून फस्त करतात. चौथ्या रिळात हे सगळं होतं. बोटांतून फिल्म सरकता सरकता त्याचा हात थांबला.

नऊ महिन्यांपूर्वी त्याने बायकोला सांगितलं होतं, "माझ्या मास्तरांना लकवा झालाय गं. त्यांना कोणी नाही. मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी जाऊन बघत जाईन म्हणतो." थाप सुचली तेव्हा त्याला ती आपलीच वाटली होती. पण विशीत असताना, याच मास्तरांच्या हाताखाली, हाच चित्रपट त्याने महिनाभर चालवला होता. मास्तर जाऊन सहा वर्षं झाली होती. ते घरी सांगायचं राहूनच गेलं होतं.

तो जात होता चष्म्याच्या दुकानातल्या बाईकडे. डोळे तपासायला गेला आणि डोळे मिटून पडला, असं त्याचं झालं होतं. डब्याचं मात्र त्याने कधी काढलं नव्हतं. बायकोनेच दुसऱ्या खेपेला पिशवी हातात दिली होती. "मऊ शिजवलंय, कुस्करून भरवा. चावता येत नसेल त्यांना." तो नको म्हणू शकला नाही.

सोमवारी संध्याकाळी बायको म्हणाली, "उद्याच्या मॅटिनीला आम्ही दोघी येतोय. मी आणि वन्सं."

"कशाला? अगदीच टुकार आहे."

"टुकार तर टुकार. नवरा थेटरात आणि मी तिथे पाऊल टाकून चार वर्षं झाली."

"गर्दी असते गं. तुझे गुडघे..."

"गुडघ्यांनी नाही बघायचं मला," ती हसली.

दुसऱ्या दिवशी मशीनच्या खोलीच्या झरोक्यातून त्याला त्या दोघी दिसल्या. बाल्कनीत पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्याच्या बहिणीने पदराने खुर्ची पुसली, बायकोने पिशवी मांडीवर घेतली. तिसरं रीळ संपत आलं. काय करतोय हे धड कळायच्या आत त्याने चौथं बाजूला सारून पाचवं मशीनवर चढवलं.

पडद्यावरची मंडळी एकदम भलत्याच घरात जाऊन भांडायला लागली. खाली शिट्ट्या सुरू झाल्या. "ए मशीनवाल्या, जागा हो!" मॅनेजर धापा टाकत जिना चढून आला.

"अहो, काय चाललंय? चौथं कुठाय?"

"तुटलंय. चालणार नाही ते."

मॅनेजरने रीळ उचलून उजेडात धरलं. "कुठे तुटलंय? चांगलं धडधाकट आहे. लावा."

"साहेब, पाया पडतो. एवढं एक सोडा."

"लोक खुर्च्या फोडतील! लावा म्हणतो ना!"

मॅनेजर कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. मशीनवाल्याने चौथं रीळ लावलं आणि झरोक्याला डोळा लावला.

थेटर हसून हसून फुटलं. पडद्यावर मैत्रीण डबा चाटूनपुसून खात होती आणि नवरा म्हणत होता, "मामांची भूक वाढलीय हल्ली!" बहीण पोट धरून हसत होती. बायकोही हसली. मग तिचं डोकं हलायचं थांबलं. तिने सावकाश मागे वळून वर, झरोक्याकडे पाहिलं. अंधारात तिला काही दिसणं शक्य नव्हतं, तरी तो मागे सरला.

खेळ संपल्यावर तो खाली गेला तेव्हा बाल्कनी रिकामी झाली होती. ती तिथेच बसलेली. बहीण दाराशी उभी होती, गोंधळून.

"मास्तर आहेत तरी का?" बायकोने विचारलं.

"नाहीत. जाऊन सहा वर्षं झाली."

"मेलेल्या माणसाला नऊ महिने अंथरुणात ठेवलंत तुम्ही." तिचा आवाज चढला नव्हता. "मी मऊ शिजवून द्यायचे. तिला दात आहेत ना?"

तिने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली.

"ती खायची?"

"हो."

"काय म्हणायची?"

"मीठ कमी असतं म्हणायची."

"आजारी माणसाला मीठ कमीच द्यायचं असतं," ती म्हणाली, आणि तेव्हा तिला रडू फुटलं. बहिणीने येऊन तिला उठवलं. भावाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढच्या खेळाची घंटा झाली. जिना चढून त्याला पुन्हा तेच रीळ लावावं लागलं. पुन्हा तेच हसू खालून आलं. मशीन सोडून पळून जावंसं वाटत होतं, पण पाय कुठे नेणार होते?

तो घरी गेला तर कुलूप. बायको बहिणीकडे राहिली होती. ती रात्र त्याने टक्क जागून काढली आणि सकाळी उठून बहिणीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"दादा, तू जा," बहीण म्हणाली. "माझा सख्खा भाऊ आहेस म्हणून शिव्या गिळतेय."

"एकदा बोलू दे तिच्याशी. मी चष्म्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही पुन्हा. तू सांगशील त्याची शपथ घेतो."

आतून बायको आली. डोळे सुजलेले, केस नीट विंचरलेले.

"शपथा नकोत," ती म्हणाली. "एकच सांगा. डबा उघडताना तुम्ही दोघं हसायचात का? त्या पडद्यावरच्यांसारखे?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण ती त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती, की पहिल्यांदाच त्याला थाप सुचेना.

"एकदा," तो म्हणाला. "एकदा हसलो होतो."

तिने मान हलवली, जणू तिला एवढंच हवं होतं. मग तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आतली कडी सरकल्याचा आवाज आला, तरी तो कितीतरी वेळ त्या बंद दाराशी "अगं, ऐक तरी," म्हणत उभा होता.