रेघेच्या आत आलेलं स्ट्रेचर

मी एक जुनं स्ट्रेचर आहे. माझे दोन्ही दांडे लोखंडी आहेत, त्यांवरचं कापड मात्र तिसरं आहे. पहिलं फाटलं. दुसरं जाळावं लागलं. मित्रांनो, मला सांगायचं आहे ते त्या दुसऱ्या कापडाबद्दल.

इराणातल्या देझफुल शहरातल्या एका खाटा बनवणाऱ्या कारागिराने मला घडवलं. इराकशी लढाई पेटली होती, खाटा कोणी घेत नव्हतं, म्हणून तो स्ट्रेचर बनवू लागला होता. तिथून मी कारखे नदीजवळच्या लष्करी दवाखान्यात आलो. मला उचलणारा सब्झअली हा लोरिस्तानच्या डोंगरांतला धनगर होता. पन्नाशीच्या या माणसाला सगळे अमू म्हणत, म्हणजे काका. तो माझ्या दांड्यावर थाप मारून सांगे, "हे माझं खेचर. कुरकुरतं, पण कोणाला पाडत नाही." ते ऐकून मला फार बरं वाटे.

मग आघाडीवर विषारी वायूचे गोळे पडू लागले. ते विष तेलासारखं कपड्यात मुरतं, त्याला लसणासारखा वास येतो. लागतं तेव्हा काहीच कळत नाही. काही तासांनी डोळे सुजतात, अंगावर फोड येतात, छाती जळते. म्हणून डॉक्टर तवक्कोलींनी दवाखान्यासमोर चुन्याची जाड रेघ मारून घेतली. रेघेबाहेर मुखवटे घातलेली माणसं जखमींचे कपडे कापून काढत आणि त्यांना साबणाने धूत. मग रेघेवर जखमीला आतल्या स्वच्छ स्ट्रेचरवर घेत. रेघेबाहेरच्या माझ्यासारख्या स्ट्रेचरांना लाल पट्टा मारला होता. लाल पट्ट्याने रेघ ओलांडायची नाही, एवढाच नियम होता.

एका दुपारी एकदम चाळीस जखमी आले. त्यांत योनूस नावाचा शिपाई होता. त्याची मांडी मोडली होती, डोळे मिटले होते. त्याला माझ्यावरच घाईने धुतलं. रेघेवर आलो, तर आत एकही रिकामं स्ट्रेचर नव्हतं. सब्झअलीने त्याला नुसतं थोडं हलवलं आणि तो गुरासारखा ओरडला.

रेघेपलीकडे महलगा खानम, म्हणजे महलगाबाई, उभी होती. ती परिचारिका होती, सतरा तासांपासून उभी होती. हातात साधे मोजे, तोंडावर मुखवटा नाही.

"खानम, आता उचलला तर हा मरेल," सब्झअली म्हणाला. "असाच आत घ्या."

"पण लाल पट्टा आहे, अमू."

"धुतलंय की त्याला."

ती बाजूला सरकली. "आणा," म्हणाली.

योनूसला धुतलं होतं. मला कोणी धुतलं नव्हतं. माझं कापड त्याच्या गणवेशातलं विष प्यायलं होतं.

त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतलं आणि मला भिंतीशी टेकून ठेवलं. संध्याकाळी गर्दी ओसरली. महलगाने मला जमिनीवर आडवं टाकलं आणि ती माझ्यावर निजली. गाल कापडावर टेकवला. खरं सांगतो, मला आनंद झाला. आजवर माझ्यावर विव्हळणारीच माणसं आली होती. ही पहिली शांत झोपली होती. लसणाचा वास मला येत होता, तरी मी त्या आनंदातच होतो. याची लाज मला आजही वाटते.

ती तासाभराने उठली. पहाटे तिचे डोळे उघडेनात. गालावर, मानेवर फोड आले. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

डॉक्टरांनी सगळ्यांना उभं केलं. "लाल पट्टा आत कोणी आणला?"

त्या गर्दीत कोणाला आठवणार होतं? सब्झअली गप्प राहिला असता, तर निभावलं असतं.

"मी आणला," तो म्हणाला. "माझ्या हाताने."

डोळ्यांवर पट्टी बांधलेली महलगा आतून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी म्हटलं म्हणून आणला. त्यांना एकट्यांना बोलू नका."

माझं कापड जाळलं. दांडे ब्लीचिंग पावडरने तीन वेळा घासले. योनूस वाचला. महलगाचा उजवा डोळा परत आला, डावा नाही. खोकला तर कायमचाच राहिला.

लढाई संपल्यावर सब्झअली दर महिन्याला डोंगरातून ताक वाळवून केलेले कश्क घेऊन तिच्या घरी यायचा. पुरचुंडी उंबऱ्यावर ठेवून निघून जायचा. दोन वर्षं असं चाललं. शेवटी एकदा तिने दार उघडून त्याला गाठलंच.

"अमू, आत या. कश्क एकटीला संपत नाही."

"मला तोंड नाही, खानम."

"मला डोळा नाही. चला, चहा निवतोय."

हे तिनेच एकदा शिकवताना सांगितलं. मी आता परिचारिकांच्या शाळेत असतो आणि ती तिथे शिकवते. परवा एका मुलीने तिला विचारलं, "खानम, आज तसाच जखमी आला तर?"

महलगा बराच वेळ खोकली. "त्याला उचलून दुसऱ्यावर घेईन," ती म्हणाली. "तो ओरडेल. तरी घेईन. आणि त्याचा हात धरून ठेवीन."

मित्रांनो, मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं. कोणी दयेपोटी नियम मोडताना दिसलं, तर गप्प राहू नका. त्या दिवशी रेघेवर सब्झअली, दुसऱ्या टोकाला मला धरणारा त्याचा जोडीदार, महलगा आणि एक धुणारा अशी चार माणसं उभी होती. एक जण जरी म्हणाला असता, "थांबा, आधी स्ट्रेचर धुऊ," तरी पुरलं असतं.