गावाचा घसा

डांबरचा कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता, पण साडेपाचलाच नगर सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. डांबर हे त्याचं शाळेतलं नाव, म्हणजे रंगावरून पोरांनी चिकटवलेलं. आता तेच पोस्टरवर हातभर अक्षरांत झळकत होतं. त्याचे आजोबा बोटीतून इथे उतरले त्याला साठ वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी हे घर अजून बाहेरचंच. पण पोरगा राजधानीत रॅप गाऊन नाव काढून आला म्हटल्यावर लगेच ‘आमचा डांबर’! वा रे वा.

त्याची ताई पहिल्या रांगेत बसली होती, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. परवाना तिच्या नावाचा, भिंतीवरची फ्रेम तिची, आणि बाई मात्र नऊ वर्षं मागच्या खोलीत खोक्यांशी बोलत बसलेली. “गिऱ्हाईक बिचकतं गं,” मालक म्हणायचे. “मला विचारशील तर मला सगळे रंग सारखेच.” आज भावाने यावरच गाणं केलं होतं, आणि मालक सहकुटुंब आले होते. ऐकून एकतर ते तिला काउंटरवर उभं करतील, नाहीतर घरी बसवतील. दुसरं काय होणार?

भावाने आल्या आल्या तोफ डागली. लहानपणी तो पोहायच्या तलावात उतरला म्हणून अख्खं पाणी बदललं होतं, ते पहिलं गाणं. आता खुर्च्या फेकतात बहुतेक, असं ताईला वाटलं. तर तलावाचा मॅनेजर उठला, सगळीकडे वळून हात हलवत म्हणाला, “तो मीच!” टाळ्यांचा नुसता कडकडाट.

मग सलूनवाल्याचं गाणं. ‘तुझ्या केसांनी कात्री बोथट होते’ म्हणून त्याने पोराला हाकललं होतं. त्याची बायको शेजारणीला कोपर मारून सांगत होती, “आमचे हे बरं का, हे!” मध्यंतरात तर पीटीचे सर विंगेत घुसले. डोळ्यांत पाणी.

“माझ्यावर एकही गाणं नाही? दर तासाला तुला मैदानाबाहेर उभा करायचो. मी काय कमी छळलं होतं रे तुला?”

भावाने विंगेत आलेल्या ताईकडे बघत कपाळाला हात लावला. “ताई, यांना काही झोंबतच नाही गं.”

“माझं गाणं म्हण,” ताई म्हणाली. “बघू.”

‘तिला पुढे आणा’ सुरू झालं आणि मालक खुर्चीवर चढले. खुर्चीवर! साठी उलटलेला माणूस मुठी आवळून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, “तिला पुढे आणा!” मागोमाग सगळं सभागृह. वन्स मोअर, पुन्हा वन्स मोअर, सात वेळा. ताईला रडूच कोसळलं. नऊ वर्षांचं सगळं रडू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुतलेला ॲप्रन घालून सरळ काउंटरमागे जाऊन उभी राहिली. मालकांनी तिला पाहिलं आणि बोटाने मागची खोली दाखवली.

“अहो, काल तुम्हीच तर...”

मालकांचा घसा पार बसला होता. मोठ्या कष्टाने ते फुसफुसले, “अगं, ते गाणं होतं.”

ती जागची हलली नाही. तेवढ्यात दार ढकलून गाव आत आलं: मॅनेजर, सलूनवाला, त्याची बायको, पीटीचे सर, मागे फुटपाथवर वळलेली रांग. सगळ्यांना घशाच्या गोळ्या हव्या होत्या. काउंटरवर तिला बघून सगळे थबकले. तक्रारीसाठी तोंडं उघडली, पण बाहेर आली ती नुसती हवा.

मालकांनी घाईघाईने कागदावर खरडलं, ‘आत जा’, आणि तिच्या नाकासमोर धरलं. गावातल्या तिन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका नजरेत वाचणारी बाई ती. तिने तो कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

“अक्षर लागत नाही हो,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “जरा मोठ्याने सांगा.”

मालकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. रांगेतल्या पहिल्या माणसाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. घसा फारच दुखत होता. त्याने पुढे होऊन तिच्यासमोर निमूट ‘आ’ केला.