पुढे डावं, मागे उजवं

बादलीच्या आत लाल रेघ ओढलेली होती. टाकीपासून चढावरच्या स्वयंपाकघरापर्यंत ही बादली स्ट्रेचरवरून न्यायची आणि वर पोचल्यावर पाणी त्या रेघेखाली गेलेलं नको. शिबिराच्या सरांनी सकाळीच बजावलं होतं, तीन खेपांत जमलं नाही तर नव्या मुलींचा गट मोडायचा आणि चौघींना जुन्या गटांत वाटून टाकायचं.

दोन खेपा झाल्या होत्या. दोन्ही वेळा निम्मं पाणी वाटेतल्या धुळीनेच पिऊन टाकलं होतं.

चौघी टाकीच्या कट्ट्यावर टेकल्या. आठवीत यंदाच आलेल्या, चार शाळांतून, चार वाटांनी. परवा बसमध्ये कुणी कुणाकडे मान वळवून बघत नव्हतं; आज एकीचा टॉवेल दुसरीच्या खांद्यावर होता. लंबू, चष्मिस, चिमणी अशी नावंसुद्धा पडली होती. चौथी डॉक्टरीणबाई. बसमध्ये चिमणीने तिला विचारलं होतं, बाबा काय करतात. हॉस्पिटलमध्ये असतात, एवढंच ती म्हणाली. उरलेलं चिमणीने स्वतःच भरून घेतलं. तेव्हापासून कुणाच्या टाचेला फोड आला की पाय तिच्यापुढे येई.

लंबू आधीच्या शाळेत संचलनात पहिली. हुकूम तिचाच असे, डावा, उजवा, डावा, उजवा. चौघींचे पाय असे एकदम पडत की बघत राहावं. आणि दर पावलाला पाणी काठावरून उडी मारी.

का, ते डॉक्टरीणबाईला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. दोन खेपा ती ओठ शिवून चालली होती.

बाबा वीस वर्षं स्ट्रेचर उचलत होते. सुट्टीच्या सकाळी घरातली खाट उन्हात न्यायची, तर धाकटा भाऊ तिच्यावर गाढ झोपलेलाच असे. बाबा पुढे, ती मागे. बाबा सांगत, माझं डावं पडेल तेव्हा तुझं उजवं. पावलं जुळली की खाट झुलते, आणि झुलली की दुखणाऱ्याला जास्त दुखतं. त्याच्या पोटातलं पाणी हलता कामा नये. भाऊ उन्हात डोळे उघडी आणि आपण इथे कसे आलो म्हणून बघत राही.

बोललं तर या तिघी कदाचित जातील. नाही बोललं तर नक्की जातील. तिने बुटाची नाडी सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि उभी राहिली.

"आपण एकत्र पाऊल टाकतोय, म्हणून सांडतंय."

"घ्या," चिमणी म्हणाली. "म्हणजे आता वेगवेगळं चालून एकत्र पोचायचं?"

"हो."

"हे तुला कुणी सांगितलं?" लंबूने विचारलं.

"बाबांनी. ते डॉक्टर नाहीत. स्ट्रेचर उचलतात. परवाच सांगायला हवं होतं."

चष्मिस उगाच चष्मा पुसू लागली. चिमणीचे कान लाल झाले. डॉक्टर हा शब्द आपलाच, तिचा नाही, असं ती पुटपुटली. लंबूने फक्त विचारलं, किती वर्षं? वीस, असं कळल्यावर ती उठली.

"मी संचलन तीनच वर्षं केलंय. तू सांग, कुठे धरू?"

"मागे. चढावर मागची बाजू उंच धरावी लागते."

तिसरी खेप निघाली. पुढे ती आणि चिमणी, मागे लंबू आणि चष्मिस. कोपरं सैल, नजर वाटेवर. पुढे डावं, मागे उजवं. पुढे उजवं, मागे डावं. जात्यावर दोघींचे हात फिरावेत तसा तो बोल फिरू लागला आणि पाणी बादलीत आभाळ घेऊन निवांत पडून राहिलं. अर्ध्या चढावर चष्मिसचा पाय खड्यावरून सटकला. कुणी न सांगता तिघी जागच्या जागी थांबल्या. एक ओघळ बाहेर आला, तेवढाच. लंबूचे दंड थरथरत होते, पण तिने बाजू खाली येऊ दिली नाही.

वर सरांनी वाकून पाहिलं. पाणी रेघेच्या बोटभर वर होतं. त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं?

"हिच्या बाबांनी," लंबू म्हणाली. "ते स्ट्रेचर उचलतात." घरातल्या मोठ्या माणसाबद्दल सांगावं तसं तिने सांगितलं.

बादली पिंपात रिती झाली. पिंप अजून अर्धं रिकामं होतं. चिमणीने स्ट्रेचरचा दांडा उचलला आणि 'डॉक्टरीणबाई' अशीच हाक मारली. नावाची सवय झालीय, म्हणाली, राहू दे.

रिकामं स्ट्रेचर घेऊन चौघी उतरू लागल्या. सांडायला काही नव्हतं, तरी पुढे डावं पडत होतं, मागे उजवं.