सात नंबरची किटली

गुंडूआबा आमच्या दूध संस्थेचे सभासद नंबर सात. संस्था काढायला घरोघरी फिरलेल्यांपैकी आता तेवढेच उरले होते. त्या साताचा त्यांना भारी अभिमान, तो आकडा किटलीवर ठोकून घेतलेला.

दोनशे सभासदांतून रोज वीसजणांच्या दुधातली भेसळ तपासायची ठरली, तेव्हा नंबर निवडायचा प्रोग्रॅम मी लिहिला. कोल्हापुरात नोकरी करणारी गावची इंजिनिअर, मला तर शिंगंच फुटली होती.

पहिल्याच महिन्यात आबांची किटली सहा वेळा बाजूला काढली गेली. दूध दरवेळी चोख निघालं, तरी रांगेत कुजबुज सुरू झाली. आबांनी मला गाठून विचारलं, माझाच नंबर सारखा का येतो. मी घाईत होते. "आबा, मशिनीला कुणाचं तोंड दिसत न्हाय," एवढं म्हणून गाडीला किक मारली.

दिवाळीनंतर त्यांनी म्हैस विकली.

चूक मला मार्चमध्ये सापडली, तीही दुसरंच काम करताना. मशीन शून्य ते दोनशे पंचावन्नमधला कुठलाही आकडा द्यायचं. सभासद दोनशेच, म्हणून वरच्या आकड्यांतून मी दोनशे वजा करत होते. ते सगळे आकडे पहिल्या छप्पन्न सभासदांवरच पडायचे, म्हणजे त्यांची पाळी इतरांच्या दुप्पट. वरचा आकडा टाकून नवा मागायला हवा होता. एका ओळीचं काम. मला माझीच भयंकर लाज वाटली.

त्याच संध्याकाळी गाव गाठलं. आबा रिकाम्या गोठ्याच्या कट्ट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, माफी मागितली.

"ह्ये मला कशाला सांगतीस पोरी? माझ्या दुधात पाणी नव्हतं, ते मला ठावं हाय की," ते म्हणाले. "रांगंत सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या दारात उभी राहून सांगितलं. चूक माझी होती, आबांचा काही दोष नव्हता. आबा धुतलेला सदरा घालून, रिकामी किटली घेऊन रांगेत उभे होते. लोक माना डोलवत होते. मला जरा हायसं वाटलं.

मग रांगेतल्या चिमणाबाईनं शेजारणीला विचारलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला खरंच कळत नव्हतं.

"मग आबांनी म्हस का इकली?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. तोवर आबा किटली उचलून घराकडे वळले होते.